मेणवाल्यांच्या गल्लीतला दरवाजा

आमच्या शहरात कोणी रस्ता विचारला आणि समोरच्याने "माहीत नाही" असं सरळ उत्तर दिलं, असं मी सदुसष्ट वर्षांत फार तर चारदा ऐकलं असेल. माहीत नाही म्हणणं म्हणजे दारात आलेल्या माणसाला हाकलून देणं, असं आम्ही मेक्सिको शहरवाले समजतो. त्यामुळे ज्याला स्वतःच्या मावशीचं घर धड सापडत नाही तोही हात लांब करून "सरळ जा, दोन चौक सोडा, चर्चपाशी डावीकडे" असं ठणकावून सांगतो, आणि ऐकणारा बिचारा तिथे जाऊन पुन्हा दुसऱ्याला विचारतो. मला या सवयीचा भयंकर राग येतो. एकतीस वर्षं मी शाळेत इतिहास शिकवला. येत नसलेलं उत्तर कोणी ठोकून दिलं की मी त्याला वर्गाबाहेर उभं करायचे. हीच सवय मला स्वतःलाही आहे हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं सगळं तिच्यामुळे झालं.

निवृत्त झाल्यावर घरात बसवेना, म्हणून मी दर रविवारी सकाळी लोकांना जुन्या शहरात फिरवू लागले. माझं नाव तोमासा बार्रागान, पण सगळे बाईच म्हणतात. कुठल्या चपलांच्या दुकानाखाली देवळाच्या पायऱ्या आहेत, कुठल्या वाण्याच्या गोदामात नन्स राहायच्या, शहर ज्या बुजवलेल्या तळ्यावर उभं आहे त्याच्या चिखलात कुठलं चर्च कुठल्या बाजूला किती खचलंय, हे मला विचारा. त्यातलं बहुतेक खरं असतं.

अकरा वर्षांपूर्वी पुएब्लाहून आलेलं एक जोडपं माझ्याबरोबर होतं. मेणवाल्यांच्या गल्लीत चौदा नंबरच्या घराला रस्त्याच्या पातळीवर एक दगडी कमान आहे. घर खचत गेलं, रस्ता वर येत गेला, त्यामुळे दरवाजाचा वरचा अर्धा भागच दिसतो, आणि तोही विटांनी बुजवलेला. त्या गल्लीतून मी शंभरदा गेले असेन, त्या कमानीकडे कधी लक्ष दिलं नव्हतं. पुएब्लाच्या बाईने विचारलं, हे कोणी बुजवलं आणि का. वीस माणसं माझ्या तोंडाकडे बघत होती. मी म्हटलं, इथे एक मेणाचा व्यापारी राहायचा. त्याच्या मुलीचं, लेओनोरचं, चर्चमध्ये घंटा वाजवणाऱ्या पोरावर प्रेम बसलं. बापाने तिला आत घातलं आणि दार चिणून टाकलं. घंटा वाजली की ती आतून उलट ठोकायची, अकरा दिवस. नाव कुठून आलं म्हणाल, तर सकाळी जिच्याकडून मी मक्याच्या पानात उकडलेले तामाले घेतले होते, तिच्या एप्रनवर ते भरलेलं होतं.

पुएब्लाच्या बाईच्या डोळ्यांत पाणी आलं. मला फार बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

पुढच्या रविवारी लोकांनीच विचारलं, लेओनोरचा दरवाजा दाखवणार ना. मग कोणीतरी तिथे मेणबत्ती लावली. कोणीतरी लग्न जमावं म्हणून भिंतीतल्या खिळ्याला लाल फीत बांधली, आणि त्या मुलीचं लग्न खरंच जमलं. समोरच्या फुटपाथवर बटणं आणि लेस विकणाऱ्या देल्फिनाने बटणं बंद करून फक्त फिती ठेवायला सुरुवात केली. कोपऱ्यावरच्या कॉफीच्या दुकानाने नाव बदललं. चौथ्या वर्षी एका शाळेतल्या पोरीने मला लेओनोरवर लिहिलेला निबंध आणून दाखवला. त्यात लेओनोरच्या आईचं नाव होतं, जे मी कधीच सांगितलं नव्हतं. तेव्हा मी बोलायला हवं होतं. मी त्या पोरीचं शुद्धलेखन दुरुस्त केलं आणि निबंध परत दिला.

अकराव्या वर्षी पालिकेच्या माणसाचा मला फोन आला. जूनमध्ये त्या कमानीवर निळ्या-पांढऱ्या फरशीचा फलक बसवायचा होता, मजकूर मी लिहून द्यायचा होता. फलक बसला की ती भिंत जतन केलेल्या वास्तूंच्या यादीत जाणार. मी हो म्हटलं, आणि त्या रात्री मला धड झोप लागली नाही.

एप्रिलमधल्या एका रविवारी फेरीत एक म्हातारा होता. पंच्याहत्तरीच्या पुढचा, कडक इस्त्रीचा शर्ट, गवताची हॅट, बोटांच्या पेरांत चुना कायमचा मुरलेला. तीन तास तो काही बोलला नाही. मेणवाल्यांच्या गल्लीत मी लेओनोरची गोष्ट सांगितली, लोकांनी फोटो काढले, फिती घेतल्या आणि पांगले. म्हातारा तिथेच उभा राहिला. मग त्याने विचारलं, बाई, ही मुलगी तुम्हाला कुठल्या पुस्तकात सापडली.

मी सवयीने म्हटलं, दप्तरखान्यात, जुन्या कागदात.

"मग त्या कागदात आतलं काही लिहिलंय का? आत किती जागा आहे, जमीन कसली आहे?"

मी विचारलं, तुम्हाला कशाला हवंय. त्याने हॅट काढली आणि म्हणाला, "आत माझा बाप आहे."

आम्ही देल्फिनाच्या रिकाम्या खोक्यांवर बसलो. म्हाताऱ्याचं नाव सिरिलो रेंदोन. साठ वर्षं गवंडीकाम केलेला माणूस, सगळे त्याला रेंदोन मिस्त्री म्हणत. त्याचा बाप माकारिओ हाही गवंडीच होता. एकोणीसशे बावन्न साली हे चौदा नंबरचं घर एका अंगाला झुकलं म्हणून ठेकेदाराने त्याला टेकू द्यायचं काम घेतलं. माकारिओ त्या कामावर होता. मे महिन्यातल्या एका शनिवारी तो घरी आला नाही. ठेकेदाराने सांगितलं, हिशेब घेऊन गेला. सिरिलो तेव्हा नऊ वर्षांचा होता.

त्याची आई होविता त्या दिवसापासून एकच सांगायची, की तो मेला नाही, तोलुकाच्या एका बाईबरोबर पळाला. शेजारणींनी सांत्वन केलं तर त्यांच्यावर उखडायची. चार घरची धुणी धुऊन तिने पोरगा वाढवला. सोळाव्या वर्षी सिरिलो स्वतः गवंडीकामाला लागला. तिथे जेवणाच्या सुट्टीत कोणीतरी त्याच्या बापाच्या तोलुकाच्या बाईवरून त्याला सगळ्यांसमोर चिडवलं. नाबोर नावाच्या म्हाताऱ्या मिस्त्रीने त्याला बाजूला घेतलं. तो माकारिओबरोबर चौदा नंबरच्या कामावर होता. त्याने सांगितलं की तुझा बाप कुठेही पळाला नाही. त्या दरवाजाच्या आत पायाखाली टेकू रोवायला तो छातीएवढा खड्डा खणत होता. चिखल सुटला आणि तो गाडला गेला. पोलिसांचं लचांड नको म्हणून ठेकेदाराने दार विटांनी बंद करून टाकलं.

"मी त्याच दिवशी काळी शाल विकत घेतली," रेंदोन मिस्त्री म्हणाला. "आईला दिली. म्हटलं, आता तरी बाबांना शिव्या देणं बंद कर, नीट विधवेसारखी राहा. तिने शाल माझ्या अंगावर फेकली. म्हणाली, विधवा व्हायला माझा नवरा आधी मरावा लागतो."

त्याने घर सोडलं. नाताळला आणि तिच्या वाढदिवसाला तो जायचा, पुढ्यात येईल ते जेवायचा आणि परत यायचा. बावीस वर्षं दोघांनी या विषयावर एक अक्षर काढलं नाही, आणि दुसरा विषय त्यांच्यात नव्हताच. एक्याऐंशी साली ती गेली. शेवटच्या आठवड्यातही तिने हट्ट सोडला नाही, असं तो म्हणाला. रागाने म्हणाला. अडतीस वर्षांनंतरही त्याचा राग ताजा होता.

तीन मे हा आमच्या गवंड्यांचा पवित्र क्रूसाचा दिवस. ज्या ज्या इमारतीचं काम चालू असेल, तिथे सगळ्यात उंच जागी फुलांनी सजवलेला लाकडी क्रूस लावतात, फटाके उडवतात आणि मालकाने मटण खायला घालायचं असतं. रेंदोन मिस्त्री साठ वर्षं दर तीन मेला त्या कमानीपाशी एक छोटा क्रूस ठेवत आला होता. अलीकडे तो दोन दिवसही टिकत नसे. फिती बांधायला अडतो म्हणून कोणीतरी काढून टाकायचं.

"ती भिंत मला उघडून हवी आहे," तो म्हणाला. "बापाची हाडं आईशेजारी नेऊन ठेवायची आहेत. तिला दिसू दे कोण खरं बोलत होतं ते."

पुरातत्त्वाच्या कचेरीत तो तीनदा जाऊन आला होता. त्यांनी नीट बसवून ऐकून घेतलं, पण कागद मागितला. बावन्न सालच्या ठेकेदाराचा पत्ता नाही, नाबोर मेलेला, पोलिसात नोंद नाही. एका म्हाताऱ्याच्या तोंडी सांगण्यावर तीनशे वर्षांच्या घराची भिंत कोण फोडणार? त्यात आता फलक. एकदा तो बसला की पुढच्या शंभर वर्षांत तिथली वीट हलणार नाही.

मी म्हटलं, "मिस्त्री, लेओनोर नव्हतीच. ती मी रचली. इथेच उभी राहून, दोन मिनिटांत."

तो भिंतीकडे बघत राहिला. "किती वर्षं झाली?"

"अकरा."

"अकरा वर्षं मी इथे येऊन त्या पोरीला शिव्या घालतोय. माझ्या बापाच्या जागेत घुसली म्हणून." मग त्याला हसू फुटलं, आणि हसता हसता त्याला खोकला लागला. मी मेल्याहून मेल्यासारखी झाले. म्हटलं, उद्या सकाळीच पालिकेत आणि पुरातत्त्वात जाऊन सगळं सांगते.

"काही सांगू नका," तो म्हणाला. "माझ्या बापासाठी कोणी वीट हलवत नाही. त्या पोरीसाठी हलवतील. जाऊन सांगा, आत तिची हाडं असतील. तुमच्या मनाला काय टोचतंय ते माझं काम झाल्यावर बघू."

मी म्हटलं, हे तर दुप्पट खोटं झालं.

"अकरा वर्षं जमलं तुम्हाला, बाई. आता अजून एक महिना काढा."

मी दोन दिवस विचार केला. खरं सांगितलं असतं तर माझं मन हलकं झालं असतं, फलक रद्द झाला असता, आणि ती भिंत तशीच राहिली असती. लेओनोर नाही म्हटल्यावर तर ती उघडायला काही कारणच उरलं नसतं. तिसऱ्या दिवशी मी मागालीकडे गेले.

मागाली माझी विद्यार्थिनी. वर्गात सगळ्यात कटकटी, प्रत्येक गोष्टीला "कशावरून" विचारणारी. आता ती जुन्या शहराच्या उत्खननात काम करते. मी तिला म्हटलं, फलक बसण्याआधी एकदा आत बघून घ्या, नाहीतर उद्या कोणी विचारलं की हाडं कुठे, तर शहराची शोभा होईल. तिने माझ्याकडे बराच वेळ बघितलं. विचारलं, बाई, कागद आहे का. मी म्हटलं, कागद नाही, पण रोज तिथे शंभर माणसं फिती बांधतात. तिने पेन खाली ठेवलं आणि म्हणाली, "तुम्ही म्हणताय म्हणून करते." दुसऱ्या कोणी हे म्हटलं असतं तर मला एवढं लागलं नसतं.

परवानगी आली. देल्फिनाने आधी थयथयाट केला. आत काही सापडलं नाही तर तिने कुठे जायचं, बटणं तर सगळी विकून टाकलेली. मग कोणीतरी तिच्या डोक्यात भरवलं की हाडं सापडली तर तिथे छोटं देऊळ होईल. तेव्हापासून ती खणणाऱ्यांना रोज फुकट कॉफी पाजू लागली. तीन मेला मिस्त्रीने आपला क्रूस आणून ठेवला. मी देल्फिनाला दम दिला की या वर्षी हा इथून हलला तर माझ्याशी गाठ आहे. ती म्हणाली, हलवेल कोण, मला तर वाटायचं कोणीतरी दारुड्या विसरून जातो.

मेच्या तिसऱ्या सोमवारी सकाळी विटा काढायला सुरुवात झाली. आत चार पायऱ्या खाली उतरत होत्या आणि खाली एक बसकी खोली होती, फार तर चार पावलं लांब. कुबट वास, गुडघाभर राडारोडा, उंदरांची बिळं. विटांच्या मधे बावन्न सालच्या एप्रिलमधल्या वर्तमानपत्राचा तुकडा सापडला. मिस्त्रीने माझा दंड घट्ट पकडला. म्हणाला, बघा, नाबोर खोटं बोलला नव्हता.

चार दिवस तो सकाळी आठला यायचा, स्वतःचं स्टूल घेऊन. आपण मजुरांच्या आड येऊ नये म्हणून भिंतीला टेकून बसायचा आणि मधूनच सांगायचा, पोरा, खोरं असं धरू नको, पाठ जाईल. त्याने दफनभूमीत जाऊन बोलणी केली होती. आईच्या कबरीशेजारी एक छोटी पेटी मावेल एवढी जागा होती. पेटी त्याने स्वतः केली होती, देवदाराची, कोपऱ्यांना खाचा पाडून जोडलेली, एकही खिळा नाही. मला दाखवायला म्हणून ती त्याने बुधवारी पाठीवर घेऊन बसने आणली.

राडारोड्यात मेणाचे काळे पडलेले गोळे निघाले. देल्फिनाने लगेच गल्लीभर जाहीर केलं की लेओनोरच्या मेणबत्त्या सापडल्या.

गुरुवारी दुपारी मागालीने आम्हाला दोघांनाच आत बोलावलं. खोली झाडून साफ केली होती. खाली लालसर काळ्या दगडाच्या फरशा होत्या, एकमेकींना घट्ट चिकटलेल्या. मधे एका जागी त्यांनी दोन फरशा उचलून गळ्याएवढा चौकोनी खड्डा घेतला होता. त्याच्या बाजू सुरीने कापल्यासारख्या सरळ होत्या आणि त्यावर मातीचे थर एकावर एक दिसत होते. वर चुना, मग राख, मग तळ्याचा करडा चिखल.

मिस्त्रीने विचारलं, अजून किती खणायचं आहे.

मागाली माझ्याकडे न बघता त्याच्याशी बोलली. तो तिथे बापाला शोधतोय हे तिला तोवर कोणीतरी सांगितलं असावं, किंवा त्याच्या पेटीवरून तिनेच ओळखलं असेल. "काका, अजून खणून काही नाही. या फरशा तीनशे वर्षांत कोणी उचललेल्या नाहीत. सांध्यातला चुना पहिलाच आहे, सगळीकडे तपासलाय. खालचे थरही सलग आहेत. इथे कोणी कधी खड्डा खणलाच नाही."

"मग दार का बुजवलं?"

"पाणी झिरपायचं. भिंतीवर खुणा आहेत बघा. ओल वर चढू नये म्हणून बंद केलं असणार. बाहेरून, एका दिवसाचं काम."

तो गुडघ्यावर बसला. साठ वर्षं गवंडीकाम केलेला माणूस, त्याला कोणी समजावायची गरज नव्हती. त्याने अंगठ्याने एकेक सांधा चाचपत पूर्ण खोली फिरून पाहिली, भिंतीच्या कडेने, पायरीच्या खालून, कोपऱ्यापर्यंत. मला म्हणावंसं वाटलं की मिस्त्री, या चिखलात हाडं विरघळून जातात. जिभेवर आलं होतं. त्याला बरं वाटावं म्हणून मी काहीही बोलले असते. मागाली माझ्याकडे रोखून बघत होती. मी गप्प राहिले, आणि आयुष्यात गप्प राहणं मला कधी एवढं जड गेलं नव्हतं.

शेवटी तो पायरीवर येऊन बसला.

"नाबोर चांगला माणूस होता," तो म्हणाला. "सोळा वर्षांचं पोर, सगळ्यांसमोर रडवेलं झालेलं. काय सांगणार होता तो मला? हो बाबा, तुझा बाप बाईच्या मागे गेला, असं?"

मी म्हटलं, कदाचित दुसऱ्या घरात असेल, नाबोरची जागा चुकली असेल.

"नाही, बाई. तो गेला. तोलुकाला गेला, तिथे जेवला, झोपला, दुसरी पोरं काढली असतील. आणि मी साठ वर्षं त्याच्या नावाने क्रूस लावतोय." त्याने हॅट डोक्यावर घातली, पुन्हा काढली. "आई बरोबर होती. तिला सोडून कोणी माझ्याशी खरं बोललंच नाही, आणि मी फक्त तिच्याशी बोलणं टाकलं."

बाहेर गल्लीत गर्दी जमली होती. पालिकेचा माणूसही आला होता. मी कमानीसमोर उभी राहिले आणि सांगून टाकलं. लेओनोर नव्हती, व्यापारी नव्हता, घंटा नव्हती, एका बाईने प्रश्न विचारला आणि मी गोष्ट ठोकून दिली. मग देल्फिना पुढे आली. म्हणाली, "बाई, उन्हात फार वेळ होतात तुम्ही." मी म्हटलं, मला काही झालेलं नाही, मी खरं सांगतेय. ती म्हणाली, "असेल रचली तुम्ही. पण माझ्या भाचीचं लग्न काय तुम्ही लावून दिलंत? आणि हाडं नाहीत म्हणजे मुलगी सुटली आतून. मी तर आधीपासून म्हणत होते." लोकांना हे फार पटलं. दोघीतिघींनी तिथल्या तिथे फिती घेतल्या.

पालिकेने फलक रद्द केला. मागालीने मला एकच वाक्य ऐकवलं: "बाई, मला वर्गाबाहेर काढायचात तुम्ही अशा गोष्टींसाठी." त्यानंतर ती माझ्याशी बोललेली नाही, आणि तिचं बरोबर आहे. रविवारी माझ्याबरोबर येणारे निम्म्यावर आले. आता कमानीपाशी आलो की मी मेणाची कोठी, ओल आणि बावन्न सालची भिंत एवढंच सांगते. लोक ऐकून घेतात आणि देल्फिनाकडे जातात.

त्या गुरुवारनंतरच्या शनिवारी मिस्त्रीचा फोन आला. आईकडे जायचंय, येता का. मी निशिगंधाची जुडी घेतली आणि गेले. दफनभूमी शहराच्या पूर्वेला, डोंगराच्या उतारावर आहे. दोन बस बदलून पोचलो तेव्हा दहा वाजले होते. त्याच्या खांद्याला कामाची पिशवी होती. मला वाटलं कबरीची डागडुजी करायची असेल.

कबर साधीच होती, पण वरचा दगड सुंदर घडवलेला. त्यानेच घडवला होता, आई गेली त्या वर्षी. त्यावर खोल, घोटीव अक्षरांत तीन ओळी होत्या: होविता आर्से. माकारिओ रेंदोनची विधवा. मुलाकडून.

मी ते दोनदा वाचलं. ज्या बाईने काळी शाल तोंडावर फेकली, चार घरची धुणी धुतली आणि मरेपर्यंत तो शब्द अंगाला लावून घेतला नाही, तिच्या छातीवर मेल्यावर तो कोरून ठेवला होता. तेव्हा तिला उत्तर देता येत नव्हतं.

त्याने पिशवीतून छिन्नी आणि हातोडी काढली, रुमाल गुडघ्याखाली घेतला आणि मधल्या ओळीला हात घातला. ऊन चढलं होतं, मी छत्री त्याच्या डोक्यावर धरली. त्याने घाई केली नाही. अक्षर जेवढं खोल होतं तेवढा दगड त्याला सगळ्या ओळीभर उतरवावा लागला. आधी नवऱ्याचं नाव गेलं, मग तो शब्द. दोन तास लागले. मधे एकदा मी पाणी दिलं तर त्याने नको म्हटलं.

काम झाल्यावर त्याने तळहाताने भुकटी पुसली. वर तिचं नाव होतं, खाली "मुलाकडून", आणि मधे बोटभर खोल पांढरी पट्टी.

"अडतीस वर्षं मी आईला भर चौकात खोटं पाडून ठेवलं होतं," तो म्हणाला. मग तो दगडावर डोकं टेकून रडला, आणि मी त्याच्या पाठीवर हात ठेवून तिथेच बसले.